काचगाडी आणि सातशे पावले

मित्रांनो, मी एक जुनी काचगाडी आहे. हातगाडी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर जी येते, भाजीने भरलेली, कुरकुरणारी, डावीकडे ओढली की उजवीकडे जाणारी, ती मी नव्हे. मी काचा वाहिल्या. खिडक्यांच्या काचा, दुकानांच्या दर्शनी काचा, माणसापेक्षा उंच आरसे. विटांची गाडी कुणी जपून चालवत नाही. वीट पडली तर फार तर तिचे दोन तुकडे होतात आणि गवंडी दोन्ही वापरतो. काचेचे तसे नसते. म्हणून माझी चाल वेगळी आहे आणि तिचा मला थोडा गर्व आहे, हे आधीच कबूल करून टाकते.

मला घडवले थोरल्या मालकांनी. त्यांचे गल्लीच्या पार आतल्या टोकाला काचेचे दुकान होते. आधी ते काचा पाठीवर बांधून नेत. एकदा ठेच लागली आणि नव्या कोऱ्या दोन काचा रस्त्यावर पसरल्या. त्या दिवशी ते घरी न जाता सरळ सुताराकडे गेले. सुताराने जुन्या दाराच्या फळ्या जोडून माझी पाठ तयार केली. लोहाराने खाली चार स्प्रिंगा आणि भरीव रबराची चाके बसवली. पाठीवर तंबूसारखी उतरती लाकडी चौकट आली, काचा टेकवून उभ्या करायला. चार हुक काढले की ती चौकट अलगद निघे आणि मी सपाट होई. पुढच्या आसाला ओढायची दांडी होती आणि ती दांडी आसात अडकवायला बोटभर जाडीची लोखंडी खीळ.

पहिल्या दिवशी थोरल्या मालकांनी माझ्या पाठीवर काठोकाठ भरलेले पाण्याचे पातेले ठेवले आणि मला गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन परत आणले. वाटेत चार-दोन थेंब काय ते सांडले. "जमलं," ते लोहाराला म्हणाले. एवढेच. थोरले मालक कौतुकाच्या बाबतीत फार हात आखडता घेणारे होते.

काच वाहण्याच्या काही रीती असतात. खड्डा आला की गाडी त्यात सरळ घालायची नाही. तिरकी घ्यायची, एकेक चाक उतरवायचे, एकेक चाक चढवायचे. आणि गाडीपुढे एकाने ओरडत चालायचे, "काच! काच आहे!" मित्रांनो, आमच्या गल्लीतली माणसे कुणाला वाट देणारी नव्हेत. घंटा वाजवा, विनंती करा, हात जोडा, ढिम्म हलणार नाहीत. पण 'काच' म्हटले की अशी भिंतीला चिकटतात की पाहत राहावे.

थोरल्या मालकांची आणखी एक सवय होती. एकदा शेजाऱ्याने मला उसने नेले आणि माझ्यावर सिमेंटची पोती लादली. माझी एक स्प्रिंग मोडली. तेव्हापासून काम संपले की थोरले मालक खीळ काढून शर्टाच्या खिशात टाकत. खीळ नाही तर दांडी नाही, आणि दांडी नाही तर गाडी कोण नेणार? पुढे ते गेले. दुकान मुलाकडे आले आणि मुलाने दुकानाबरोबर ही सवयही उचलली. काम झाले की खीळ खिशात. जेवताना खिशात, झोपताना उशाशी.

मग या नव्या मालकांचे लग्न झाले आणि घरात वहिनी आल्या. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, म्हणून मीही म्हणते. पहिल्या वर्षी त्या गिऱ्हाइकांशी बोलत. दुसऱ्या वर्षी त्यांनी काच कापायची हिरकणी हातात घेतली. तिसऱ्या वर्षी मालक अवघड काचा गुपचूप त्यांच्यापुढे सरकवू लागले. वहिनी बोलायला तोडून टाकणाऱ्या, पण हात लोण्यासारखा. दर शनिवारी माझ्या चाकांना तेल घालायचे त्यांनीच सुरू केले. मालकांना ते कधी सुचले नव्हते. मालक मायाळू होते, पण माया आणि तेल या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

त्यानंतर मोठ्या कामांसाठी भाड्याचा टेम्पो येऊ लागला आणि माझे दिवस फिरले. मी दुकानाच्या बोळकांडीत उभी राहू लागले. कुणी माझ्या चौकटीवर छत्री अडकवी, कुणी ओला टॉवेल. राग येई, पण सांगणार कुणाला?

आता त्या दुपारकडे वळते.

वहिनींना आठ महिने पूर्ण झाले होते. बाळ पोटात उलटे बसले होते, डोके वर आणि पाय खाली. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितले होते, "कळा आल्या किंवा पाणी गेलं, तर वाट बघत बसायचं नाही. तासाभराच्या आत माझ्याकडे यायचं. ऑपरेशनच करावं लागेल." ठरलेल्या तारखेला अजून तीन आठवडे होते. तेवढ्यात मालकांना परगावच्या एका शाळेचे काम आले. चाळीस खिडक्या, दोन दिवस. मालक जाऊ की नको करत उंबऱ्यात उभे राहिले. वहिनींनी त्यांची पिशवी भरून हातात दिली.

"तीन आठवडे आहेत अजून. खिडक्या बसवा आणि या. इथे उभं राहून बाळ सरळ होणार आहे का?"

मालक गेले. घरात उरल्या वहिनी आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे कामातून गेले होते, पण आवाज शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी दुकानात एका आरशाची काच कापत होत्या. हिरकणीने रेघ ओढली आणि पहिली कळ आली. त्या टेबलाला धरून वाकल्या. मला वाटले, आता सोडतील. पण रेघ ओढलेली काच तशीच सोडून चालत नाही, थोडा वेळ गेला तरी ती वेडीवाकडी तुटते. वहिनींनी कळ ओसरू दिली, काच टेबलाच्या काठावर घेतली आणि टकदिशी तोडली. कड सुतासारखी सरळ आली. मग त्यांनी हिरकणी पेटीत ठेवली, पेटीचे झाकण लावले आणि हाक मारली.

"आई, बाहेर या जरा. माझं पाणी गेलंय."

सासूबाई भिंत धरून आल्या. "अगं बाई! आणि तो तिकडे!"

"ते राहू द्या. फोन द्या माझा."

दवाखान्यातल्या सिस्टरने फोनवर सांगितले, "ताई, आता उठून चालायचं नाही, बसायचंही नाही. डाव्या कुशीवर झोपा, कमरेखाली उशी घ्या. बाळ पायाकडून आहे, नाळ खाली घसरायला नको. गाडी पाठवते."

वहिनी दुकानातच चटईवर आडव्या झाल्या. वीस मिनिटांत गाडी आली, पण ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली. कारण गल्लीच्या मध्यावर पाण्याचा नवा नळ टाकायला आडवा चर खणला होता. माणसे जायला दोन फळ्या टाकलेल्या होत्या, तेवढेच. ड्रायव्हरने फोन केला. तो एकटाच होता, आणि उचलायचे स्ट्रेचर दुसऱ्या गाडीबरोबर गेले होते. "पेशंटला इथपर्यंत आणाल का?" तो म्हणाला. दुकानापासून तिथपर्यंत सातशे पावले. मी ती किती वेळा चालले आहे!

सासूबाईंच्या आवाजाने समोरचा सलूनवाला धावत आला. त्याच्यामागून त्याचे गिऱ्हाईकही आले, एका गालाला साबण लावलेले, गळ्यात टॉवेल तसाच. चरावरचा मुकादमही आला. आता या मुकादमाचे आणि वहिनींचे काही बरे नव्हते. चराची धूळ आरशांवर बसते म्हणून वहिनींनी त्याला दोनदा झापले होते आणि त्याने नळ वाहायला मला मागितले तेव्हा सरळ नाही म्हटले होते.

"खुर्चीत बसवून नेऊ या," सलूनवाला म्हणाला.

"बसायचं नाही म्हणाली सिस्टर," सासूबाई म्हणाल्या.

"मग चादरीची झोळी करू," मुकादम म्हणाला. "चार माणसं माझी."

वहिनींनी डोळे मिटून मान हलवली. "चार जण उचलतात ना, तेव्हा चार जणांची चार डोकी चालतात. काच तेव्हाच फुटते. गाडी काढा."

कुणाला कळेना कसली गाडी. वहिनींनी माझ्याकडे बोट केले. मित्रांनो, किती महिन्यांनी कुणी माझ्याकडे बोट केले होते!

चौकट निघाली. माझ्या पाठीवर गादी आली, उशी आली. आणि मग सलूनवाल्याने दांडी उचलली आणि ती त्याच्या हातातच राहिली.

"वहिनी, हिला खीळ नाही."

वहिनींनी मालकांना फोन लावला. "अहो, गाडीची खीळ कुठे आहे?"

पलीकडून मालकांचा आवाज आला, अगदी बारीक. "माझ्या खिशात आहे गं. का? काय झालं?"

ऐंशी मैलांवर, शाळेच्या शिडीवर, माझी खीळ त्यांच्या खिशात होती! मला भयंकर राग आला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. वहिनी ओरडतील असे सगळ्यांना वाटले. पण त्या ओरडल्या नाहीत.

"कळा सुरू झाल्यात. मी दवाखान्यात चाललेय. तुम्ही निघा. आणि हातात काच असेल तर आधी नीट ठेवा, मग निघा."

फोन ठेवून त्यांनी एक कळ सोसली. मग सलूनवाल्याला म्हणाल्या, "दादा, दुकानाच्या दाराची कडी बघा. मोठी, खालची. तिची सळई खिळीएवढीच जाड आहे. उपटून काढा."

"दार उघडं राहील की वहिनी!"

"राहू दे. चोर काय आरसे डोक्यावर घेऊन पळणार आहे?"

मुकादमाने पहारीने कडी उपटली. सळई आसाच्या भोकात गेली, जरा ढिली, पण गेली. सगळ्यांनी मिळून वहिनींना चटईसकट उचलले आणि माझ्या पाठीवर डाव्या कुशीवर निजवले. त्यांनी एका हाताने माझ्या फळीची कड घट्ट धरली होती. त्या हाताचा घाम मला कळत होता. वहिनींना भीती वाटत होती. त्या दाखवत नव्हत्या, पण मी फळीच आहे, मला हातातले कळते.

सलूनवाला दांडीला, मुकादम आणि साबणवाले गिऱ्हाईक मागून. पुढे सासूबाई, एका हातात काठी. त्या ओरडू लागल्या, "बाजूला व्हा हो! बाळंतपणाची बाई आहे!"

झाले उलटेच. बाळंतपण म्हटल्यावर बाजूला होण्याऐवजी माणसे जवळ आली. कोण आहे? कुणाची? कितवा महिना? एक बाई तर वाकून वहिनींच्या तोंडाकडे पाहू लागली. एकाने सल्ला द्यायला सुरुवात केली. मी जागच्या जागी अडकले. तासाभरातली चाळीस मिनिटे संपली होती.

तेव्हा वहिनींनी मान उचलली. कळ चालू होती, तरी त्यांनी छातीत हवा भरली आणि अशी हाळी दिली की थोरल्या मालकांनाही जमली नसती.

"काच! काच आहे! काच!"

गल्ली फाटल्यासारखी दोन्हीकडे झाली. माणसे भिंतींना चिकटली. सल्ला देणारा एका दारात घुसला. सासूबाईंना युक्ती कळली. त्यांनी लगेच सूर पकडला, आणि त्या पुढे "काच! काच!" करत अशा निघाल्या की त्यांचे गुडघे त्यांना विसरून गेले असावेत.

"खड्डा आहे दादा, तिरकी घ्या," वहिनी आडव्या पडूनच सांगत होत्या. गल्लीतला एक एक दगड त्यांना पाठ होता. "आधी डावं चाक. हं. आता उजवं. थांबा." सगळे थांबत. वहिनींचा हात माझ्या फळीत रुते. श्वास मोठा होई, मग लहान होई. "चला." सगळे चालू लागत. कुणी प्रश्न विचारला नाही. मी माझ्या उभ्या आयुष्यात इतके शहाणे ओढणारे पाहिले नाहीत.

चरापाशी मात्र सगळ्यांचे पाय थबकले. दोन फळ्या, खाली पुरुषभर खोल चर, तळाला चिखल. मुकादमाने आपल्या माणसांना हाक मारली. त्यांनी आणखी दोन फळ्या आणून टाकल्या आणि चरात उतरून खालून खांदे दिले.

"गाडी उचलून घेऊ का पलीकडे?" मुकादमाने विचारले.

"नाही. चाकांवरच. इथे तिरकी नाही घ्यायची, सरळ घ्यायची. मध्ये थांबायचं नाही. कळ आली तरी मी सांगणार नाही. तुम्ही थांबू नका."

"वहिनी, सळई ढिली आहे. निघाली तर?"

"म्हणून दांडी खाली दाबून ओढा. दाबून धरली की नाही निघत."

मी फळीवर चढले. ते वीस हात अंतर होते की चार, मला आता सांगता येणार नाही. मध्यावर आले आणि वहिनींना कळ आली. मला कळले, कारण त्यांची नखे माझ्या लाकडात शिरली. पण तोंडातून आवाज निघाला नाही. त्याच वेळी माझी मागची उजवी स्प्रिंग, तीच जी सिमेंटच्या पोत्यांनी एकदा मोडली होती आणि नंतर सांधली होती, कडाडली. मी त्या अंगाला झुकू लागले. मित्रांनो, मी निर्जीव म्हणवते, तरी मी जोर लावला. बाकीच्या तीन स्प्रिंगांवर भार घेतला. खरे म्हणजे भार मुकादमानेही घेतला. त्याने माझा मागचा कोपरा खांद्यावर पेलला आणि तसाच वाकून चालत राहिला. पुढचे चाक पलीकडच्या मातीला लागले. मग मागचे.

"हं," वहिनी म्हणाल्या, आणि मगच ओरडल्या.

उरलेली तीनशे पावले मी एका अंगाला घासत गेले. गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हर दार उघडून उभा होता. त्यांनी वहिनींना गादीसकट आत घेतले. सासूबाई काठी सावरत चढल्या. दार लागण्याआधी वहिनी मुकादमाला म्हणाल्या, "पाईप न्यायला गाडी लागली तर न्या हो. स्प्रिंग नीट करून घ्या तेवढी."

गाडी निघून गेली. मी तिथेच उभी राहिले. सलूनवाला आणि त्याचे गिऱ्हाईक परत जाईनात. गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण वाळून त्याची खपली झाली होती. मुकादम माझ्या काठावर खांदा चोळत बसला. मी आजवर असंख्य काचा पोचवल्या, पण पोचवल्यावर काळजी कधी केली नाही. काच पोचली की काम संपते. त्या दुपारी मला प्रथमच कळले की पोचवून काम संपत नाही, उलट खरी धाकधूक तेव्हा सुरू होते. आता मला काहीच करता येण्यासारखे नव्हते.

सावल्या लांबल्या तेव्हा सलूनवाल्याचा फोन वाजला. त्याने ऐकले आणि तो आमच्याकडे वळला. "मुलगी," तो म्हणाला. "दोघी बऱ्या आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत." मुकादमाने तोंड फिरवले आणि उगाचच आपल्या माणसांवर खेकसला.

मालक दिवेलागणीला आले. बसमधून उतरून ते थेट दवाखान्यात गेले. त्यांना मी दिसलेही नाही, आणि ते बरेच झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी स्प्रिंग बदलली, दाराची कडी परत बसवली आणि खीळ दुकानाच्या दाराशी सगळ्यांना दिसेल अशी टांगली. पाचव्या दिवशी त्यांनी मला धुतले, पुसले, गादी घातली आणि गल्लीच्या तोंडाशी नेऊन उभे केले. चर अजून अर्धाच बुजला होता, पण त्यावर आता रुंद पत्रा टाकलेला होता.

दवाखान्याच्या गाडीतून वहिनी उतरल्या. तोंड पांढरे पडले होते, पण ताठ होत्या. मालकांनी मला पुढे केले.

"झोप हिच्यावर. मी हळू नेतो."

"टाके पोटाला आहेत, पायांना नाहीत. मी चालत येणार. हिला ठेवा." आणि त्यांनी बाळाला माझ्या पाठीवर, दोन उशांच्या मध्ये ठेवले. सासूबाई "अगं, अगं" करत राहिल्या. मित्रांनो, इतके हलके ओझे मी कधी वाहिले नव्हते, आणि इतकी घाबरलेही कधी नव्हते.

मालक दांडी ओढत होते. वहिनी एक हात माझ्या कडेवर टेकून बाजूने चालत होत्या, दर शंभर पावलांवर थांबत होत्या. मालक एवढे हळू चालत होते की गोगलगाय पुढे गेली असती. मध्येच ते थांबले. पाठमोरेच म्हणाले, "मी नव्हतो गं. एवढ्या वेळी मी नव्हतो. वर खीळही घेऊन गेलो."

वहिनींनी श्वास घेतला.

"नव्हतात खरं. पण मी होते ना. आई होत्या. गाडी होती." मग त्यांनी माझी फळी थोपटली. "आता पाय उचला जरा. मला भूक लागलीय."

गाडी होती! तीन जणांत त्यांनी मला तिसरी मोजली. थोरल्या मालकांच्या 'जमलं' नंतर माझे एवढे कौतुक कुणी केले नव्हते, आणि मला त्याहून मोठे नकोही आहे.

ती मुलगी आता माझ्यावर बसून पाढे पाठ करते. मला काम फारसे उरलेले नाही. पण तिच्या हातात दर शनिवारी तेलाची बुधली असते, आईने नेमून दिलेली. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी कोपऱ्यात मुकाट उभे असेल. त्याच्या अंगावर ओले टॉवेल टाकू नका. त्याचे सांधे तपासा, स्क्रू आवळा, चाकांना तेल घाला. आम्ही थकू, झिजू, मागे पडू, त्याचे काही नाही. पण ज्या दिवशी खरोखर गरज पडेल आणि कुणी दमलेल्या आवाजात मोजू लागेल, कोण कोण होते, त्या दिवशी आम्हाला हजर असायचे आहे.